मारकंडाकाठच्या मुली

हॉकी हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकींना मेजर ध्यानचंद आठवतात, फार तर शाळेच्या पुस्तकातील एखादे चित्र आठवते, आणि तेवढ्यावर विषय संपतो. हॉकी म्हणजे पुरुषांचा खेळ, तोही पंजाबातल्या धिप्पाड सरदारांचा, अशी आपली समजूत. या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसताईंनी सांगितले तेव्हा पाककृती आणि तीर्थयात्रा यांचे लेख पुष्कळ येतील हे मला ठाऊक होते. म्हणून मी एका लहानशा गावाचा इतिहास लिहावयास घेतला आहे. हा इतिहास राजांचा किंवा लढायांचा नव्हे. त्या गावच्या मुलींनी हातात काठ्या घेऊन जे केले, त्याचा आहे.

त्या गावाचे नाव शाहाबाद. आपल्या देशात शाहाबादे अनेक असल्यामुळे याला शाहाबाद मारकंडा असे म्हणतात. दिल्लीहून उत्तरेस निघालेला मोठा हमरस्ता पानिपतावरून जातो (आणि तेथे आपल्या माणसाचा हात आपोआप कपाळाला लागतो), मग कर्नाल, मग कुरुक्षेत्र, आणि अंबाला यावयाच्या आधी सुमारे वीस किलोमीटरवर हे गाव लागते. हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात ते मोडते. मारकंडा नदी गावाला लागून वाहते. वाहते म्हणावयाचे इतकेच, कारण वर्षाचे बरेच महिने तिच्यात वाळू दिसते आणि पावसाळ्यात मात्र ती शेते बुडवून जाते. नदीकाठी मार्कंडेश्वराचे देऊळ आहे. अल्पायुषी बालकाला शंकराने यमाच्या हातून सोडविले, ती मार्कंडेयाची कथा आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गावात सहकारी साखर कारखाना आहे, भोवती भात, गहू, बटाटा आणि ऊस. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा पश्चिम पंजाबातून उठून आलेल्या लक्षावधी माणसांची मोठी छावणी कुरुक्षेत्रास पडली होती. या साऱ्या टापूतील गावांतून ती कुटुंबे पुढे स्थिरावली.

ह्यांची बदली अंबाला छावणीत झाली आणि आम्ही तेथे तीन वर्षे काढली, म्हणून या गावाचे नाव माझ्या कानावर आले. शेजारच्या सुभेदारांच्या घरातल्या भाभीजी मूळच्या तिकडच्याच. एकदा मी सहज म्हटले की, तुमच्याकडे मुलींना फार जपतात म्हणे, घराबाहेर पाठवीत नाहीत. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "बहनजी, एकदा पहाटे शाहाबादला या, म्हणजे कळेल." गेल्याशिवाय राहवले नाही. उजाडता उजाडता गावात उतरलो तेव्हा पाठीवर काठ्या अडकविलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरी सायकली हाणीत मैदानाकडे चालल्या होत्या. काहींच्या सायकलीवर मागे धाकटी बहीण बसलेली. त्या दिवशी पाहिले ते एवढेच. पुढचे सारे मी नंतरच्या वर्षांत वाचून, ऐकून आणि सामने पाहून जमविले.

या गावापर्यंत खेळ कसा आला हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. हिंदुस्थानातील स्त्रियांची हॉकी काही कालपरवाची नाही. स्वातंत्र्याच्याच वर्षी, म्हणजे १९४७ मध्ये, स्त्रियांच्या हॉकीची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९७४ साली फ्रान्समध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तिच्यात आपल्या मुली चौथ्या आल्या. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या हॉकीला प्रथमच प्रवेश मिळाला आणि तेथेही आपण चौथ्याच. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ भरले तेव्हा मात्र सुवर्णपदक मिळाले आणि त्या संघाची कर्णधार होती आपल्या पुण्याची एलिझा नेल्सन. हे नाव आपल्याकडे किती घरांत माहीत आहे? मी आमच्या भिशीत विचारले तेव्हा एकीलाही सांगता आले नाही. मॉस्कोला गेलेल्या संघात रेखा मुंडफन होती, मुंबईकडच्या ख्रिस्ती व पारशी मुली होत्या, आणि पंजाबातील सैनी भगिनींपैकी रूपा सैनी तर कर्णधार होती. म्हणजे खेळ होता, पण तो होता छावण्यांच्या शहरांत, मिशनच्या शाळांत, रेल्वेच्या वसाहतींत. जेथे मुलीने आखूड झगा घालून धावले तर कोणी डोळे वटारीत नसे, अशाच ठिकाणी तो फुलला होता.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून उचलून कृत्रिम हिरवळीवर नेली गेली. ही हिरवळ गालिच्यासारखी अंथरावी लागते, तिच्यावर पाणी मारावे लागते, आणि तिला कोट्यवधी रुपये पडतात. युरोपातील लहानसहान गावांनी ती घातली, आपल्याकडे मात्र पुष्कळ वर्षे ती मोजक्या मोठ्या शहरांत होती. खडबडीत मैदानावर चेंडू वाटेल तसा उसळतो, तेथे मनगटाची कसब चालते. गुळगुळीत हिरवळीवर दम आणि वेग लागतो. आपली पुरुषांची हॉकी त्या काळात का घसरली, याला पुष्कळ कारणे सांगतात, त्यांतले हे एक खरे कारण आहे असे मला वाटते. नियम बदलला की गरिबाचाच खेळ आधी बंद पडतो.

आता शाहाबादकडे येते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकारी क्रीडाखात्याचे एक शिक्षक तेथे हॉकी शिकवीत होते. त्यांचे नाव बलदेव सिंग. श्री गुरु नानक प्रीतम या मुलींच्या शाळेत त्यांनी केंद्र चालविले. या गृहस्थांविषयी त्यांच्या शिष्यिणी दोन गोष्टी एकमुखाने सांगतात. पहिली ही की त्यांच्याइतका कडक माणूस दुसरा नाही. पहाटेची वेळ ठरली म्हणजे ठरली, तेथे मिनिटाचा उशीर खपावयाचा नाही. ताप आला, पाऊस पडला, घरी पाहुणे आले, सारे एकाच मापाने मोजले जाई. आणि दुसरी ही की पैसा नसलेल्या घरच्या मुलीला काठी, बूट, प्रसंगी अन्नसुद्धा तेच पुरवीत. २००९ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कडकपणाचे मला फार कौतुक नाही, हे सांगून टाकते. लेकरांना धाकात ठेवले म्हणजे ती मोठी होतात हे मत आपल्या आजीच्या पिढीने पुष्कळ चालविले आणि त्यात कित्येक लेकरे कोमेजलीही. पण एक गोष्ट मानावीच लागते. ज्या प्रदेशात बारा वर्षांच्या मुलीचा वेळ हा सगळ्या घराच्या मालकीचा असतो, तेथे कोणीतरी तिच्या वेळेला इतकी किंमत दिली की तो एक मिनिटही वाया जाऊ नये. हे तिला दुसऱ्या कोठे मिळाले असते?

हा प्रदेश कसा, ते आकड्यांनीच सांगते. २००१ सालच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची मोजणी झाली. हरियाणात दर १००० मुलांमागे ८१९ मुली निघाल्या. कुरुक्षेत्र जिल्ह्यात तर अवघ्या ७७१, साऱ्या देशातील अगदी तळाच्या जिल्ह्यांपैकी एक. उरलेल्या मुली कोठे गेल्या हे मी या पानावर लिहिण्याची गरज नाही, आपण सर्वजणी जाणतो. आणि हे वाचून महाराष्ट्रात राहणाऱ्या आपण फार सुस्कारा सोडू नये. आपल्या राज्याचा तोच आकडा २००१ साली ९१३ होता, तो २०११ मध्ये ८९४ वर उतरला, आणि बीड जिल्ह्यात ८०७ पर्यंत खाली गेला. हरियाणाचा आकडा त्याच दहा वर्षांत थोडा का होईना चढून ८३४ झाला होता.

तर त्या ७७१ मुलींच्या जिल्ह्यात, त्याच जनगणनेत, सव्वासहा वर्षांची एक मुलगी मोजली गेली असेल. तिचा जन्म ४ डिसेंबर १९९४ चा, शाहाबादचाच. वडील गाडी ओढून विटा वाहावयाचे, आई लोकांकडे धुणीभांडी करावयाची. तिचे नाव राणी. वडिलांचे नाव रामपाल, म्हणून पुढे साऱ्या जगाने तिला राणी रामपाल म्हटले.

राणीने आपली हकीकत पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे, आणि ती ऐकताना मला तिच्या आईचेच जास्त कौतुक वाटत आले आहे. घराजवळच मुलींचे मैदान. ही जाऊन कडेला उभी राहावयाची. घरी सांगितले तेव्हा नातेवाईकांनी नाके मुरडली. मुलगी आखूड कपडे घालून गावभर धावणार, मग तिचे लग्न कोण करणार, तिला काय येणार, असे ते बोलणे. आपल्याकडेही हे शब्द काही वेगळे नसतात. वडिलांजवळ काठी घेऊन द्यावयास पैसे नव्हते. पहिले काही दिवस तिने कोणाच्या तरी मोडक्या काठीने, सलवार-कमीज घालूनच सराव केला. शिक्षकांनी आधी तिला घेतलेच नाही. अंगात ताकद नाही, खावयास मिळत नाही, ही काय खेळणार, असे त्यांना वाटले. ती मागे लागली तेव्हा घेतले.

तेथे असा नियम होता की प्रत्येक मुलीने रोज अर्धा लिटर दूध घेऊन यावे आणि सरावानंतर प्यावे. आता अर्धा लिटर दूध म्हणजे काय, हे गृहिणीला सांगावे लागत नाही. राणीच्या घरी जेमतेम दोनशे मिलिलिटर परवडत असे. उरलेल्याचे पाणी. कोणाला कळू नये म्हणून ती घरूनच दुधात पाणी मिसळून नेई आणि मुकाट्याने पिई. खेळावयास मिळावे एवढ्यासाठी. आपल्यापैकी कितीजणींनी पाहुणे आले म्हणून चहाच्या दुधात पाणी घातले असेल! पण ते वेगळे आणि नऊ-दहा वर्षांच्या पोरीने घरची अब्रू झाकण्यासाठी ते करावे हे वेगळे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पहाटेची वेळ चुकली की शिक्षा ठरलेली, आणि घरात घड्याळ नाही. मग आई रात्री जागी राहावयाची, बाहेर येऊन आकाशाकडे पाहावयाची, आणि अदमासाने मुलीला उठवावयाची. दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासून आलेली ती बाई. हिच्या नावाचा कोणताही पुरस्कार कोणी ठेवलेला नाही.

पुढे शिक्षकांनीच राणीला काठी आणि बूट घेऊन दिले, काही काळ आपल्या घरी ठेवून तिच्या खाण्यापिण्याची व्यवस्था केली. एका स्पर्धेत पाचशे रुपयांचे बक्षीस मिळाले ते तिने वडिलांच्या हातात ठेवले. इतके पैसे एकदम त्यांच्या हातात कधी आले नव्हते, असे ती सांगते. २००९ साली, चौदाव्या वर्षी, ती भारतीय संघातून रशियात काझान येथे खेळली आणि ती स्पर्धा आपण जिंकली. २०१० साली अर्जेंटिनातील विश्वचषकात ती संघातील सर्वांत लहान होती, वय १५. भारत नववा आला, पण तिने सात गोल केले आणि स्पर्धेतील उत्कृष्ट तरुण खेळाडूचा मान तिला मिळाला.

एकाच मुलीची कथा सांगत बसले तर गावावर अन्याय होईल. शाहाबादची सुरिंदर कौर राणीच्या आधीची, १९८२ साली जन्मलेली. ती भारतीय संघाची कर्णधार झाली आणि २००९ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जसजित कौर, नवजोत कौर, नवनीत कौर ही सारी नावे याच मातीतली. ऋतु राणी १९९१ साली जन्मली. तिच्या कर्णधारपदाखाली २०१४ साली इंचॉन येथील आशियाई खेळांत कांस्यपदक मिळाले, आणि तिच्याच नेतृत्वाखाली आपला संघ छत्तीस वर्षांनंतर ऑलिंपिकला पात्र ठरला. आणि मग रिओला निघावयाच्या काही आठवडे आधी, २०१६ च्या जुलैमध्ये, तिलाच संघातून वगळण्यात आले. वागणूक बरोबर नाही असे कारण त्या वेळी छापून आले. आत काय घडले ते मी सांगू शकत नाही. पण घर बांधून झाल्यावर वास्तुशांतीला सुतारालाच बोलावू नये, तसे मला ते वाचून वाटले.

मुलगेही या गावातून पुढे आले, नाही असे नाही. संदीप सिंग १९८६ सालचा, येथलाच. २००६ साली विश्वचषकासाठी जर्मनीस जावयाच्या दोन दिवस आधी रेल्वेत सुरक्षारक्षकाच्या बंदुकीची गोळी चुकून सुटून त्याला लागली. त्यातून उठून तो २००९ साली भारताचा कर्णधार झाला. त्याच्यावर पुढे चित्रपटही निघाला, म्हणून मी येथे थोडक्यात आटोपते.

या साऱ्या मुली खेळून करतात काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. मलाही आला होता. त्याचे उत्तर फार साधे आहे: रेल्वे. भारतीय रेल्वेने पुष्कळ वर्षे हॉकी खेळणाऱ्या मुलींना नोकऱ्या दिल्या, आणि रेल्वेचा स्त्रियांचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे पुढे राहिला. राणीनेही रेल्वेत नोकरी केली. गाडी ओढणाऱ्याच्या, शेतमजुराच्या घरी सरकारी नोकरी असलेली मुलगी म्हणजे काय, हे लक्षात घेतले म्हणजे शाहाबादच्या आईबापांचे मन कसे पालटले ते कळते. सुरुवातीला कोणा एकाची मुलगी परदेशी जाऊन आली आणि पगार घेऊ लागली. मग शेजारणीने आपल्या मुलीचे नाव घातले. तत्त्वज्ञानाने गावे बदलत नाहीत, शेजारच्या घरात आलेल्या मनीऑर्डरीने बदलतात. नाके मुरडणारे नातेवाईकच पुढे आपल्या पोरींना मैदानावर पोहोचवू लागले, असे राणीने म्हटले आहे. गावात पुढे कृत्रिम हिरवळही आली, मार्कंडेश्वराच्याच नावाच्या मैदानावर.

आता सामन्यांविषयी थोडे, कारण त्याशिवाय हॉकीच्या लेखाला चव नाही. २०१३ साली जर्मनीत मोन्शेनग्लाडबाख येथे कनिष्ठ मुलींचा विश्वचषक झाला. तिसऱ्या जागेसाठी आपली गाठ इंग्लंडशी पडली. वेळ संपली तेव्हा बरोबरी, मग पेनल्टी. एकेक मुलगी चेंडू घेऊन गोलरक्षिकेसमोर जाते, आठ सेकंद मिळतात, बाकीच्या मध्यरेषेवर हातात हात धरून उभ्या. त्या झुंजीत राणीने गोल केले आणि शेवटचा, विजयाचा गोल नवनीत कौरने मारला. दोघी एकाच गावच्या, एकाच मैदानावर वाढलेल्या. राणी त्या स्पर्धेची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. कनिष्ठ विश्वचषकात आपल्या मुलींना मिळालेले ते पहिले पदक.

२०१६ ला रिओत संघ बारावा, म्हणजे शेवटचा आला. त्यावेळी वर्तमानपत्रांनी चार ओळी लिहून विषय सोडून दिला. २०१७ साली राणीच्या नेतृत्वाखाली आशिया चषक मिळाला, २०१८ साली आशियाई खेळांत रौप्य. २०१९ च्या नोव्हेंबरात भुवनेश्वर येथे टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी अमेरिकेशी दोन सामने होते, दोन्हींतील गोलांची बेरीज धरावयाची होती. पहिला आपण ५-१ असा जिंकला. दुसऱ्यात अमेरिकेने चार गोल चढविले आणि हिशेब बरोबरीत आला. अखेरच्या सत्रात राणीने गोल केला आणि बेरीज ६-५ झाली. तो एक गोल झाला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

टोकियोचे खेळ साथीमुळे वर्षभर लांबून २०२१ मध्ये झाले. संघात शाहाबादच्या तिघी: राणी कर्णधार, नवजोत आणि नवनीत. पहिले तीन सामने हरले. मग आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवून आठांत आल्या. २ ऑगस्टला ऑस्ट्रेलियाशी सामना. सोमवारची सकाळ, साडेआठची वेळ, म्हणजे डबे भरण्याची. आपल्या मंडळातील कित्येकजणींनी त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता दूरदर्शन पाहिले आणि साथीमुळे एकत्र जमता येत नव्हते म्हणून फोनवरून ओरडत राहिल्या. गुरजित कौरचा एक गोल, आणि मग शेवटपर्यंत सवितेने गोल सांभाळला. १-०. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत आपल्या मुली पहिल्यांदाच गेल्या. अर्जेंटिनाने २-१ ने हरविले. ६ ऑगस्टला कांस्यपदकासाठी ग्रेट ब्रिटनशी खेळताना आपण दोन गोलांनी मागे होतो, मग पाचएक मिनिटांत तीन गोल करून पुढे गेलो, आणि अखेर ४-३ ने हरलो. १९८० साली चौथे, २०२१ मध्येही चौथे. मैदानावर बसून रडणाऱ्या त्या मुली आपण सर्वांनी पाहिल्या.

राणीला २०२० साली पद्मश्री आणि खेलरत्न मिळाले. २०२३ साली रायबरेली येथील एका मैदानाला तिचे नाव देण्यात आले. २०२४ च्या जानेवारीत रांचीला जपानकडून एका गोलाने हरल्यामुळे आपला संघ पॅरिस ऑलिंपिकला जाऊ शकला नाही, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राणीने खेळातून निवृत्ती घेतली. सव्वासहाव्या वर्षी जनगणनेत मोजलेली मुलगी तिसाव्या वर्षी निवृत्त झाली.

मात्र हेही सांगितले पाहिजे की शाहाबादच्या मैदानावर पहाटे येणाऱ्या सर्वच मुली काही भारताकडून खेळल्या नाहीत. शेकडो आल्या. बऱ्याच जणी शाळा संपली तशा थांबल्या, कोणाचा गुडघा गेला, कोणाचे लग्न ठरले. त्यांची नावे छापून येत नाहीत. पण दहा वर्षांच्या वयात घराबाहेर जाऊन, दहाजणींबरोबर घाम गाळून, हरून-जिंकून परत आलेली मुलगी सासरी गेल्यावर कशी वागते, हे कोणी तरी एकदा पाहावयास हवे. भाभीजी त्यांतल्याच. राज्य पातळीपर्यंत खेळलेल्या. छावणीत रात्री चोर शिरला तेव्हा सुभेदार कामावर होते आणि या बाईंनी कोपऱ्यातली जुनी काठी उचलली. चोर भिंत चढून गेला, एक चप्पल टाकून. ती चप्पल त्यांनी पुष्कळ दिवस अंगणात टांगून ठेवली होती.

हरियाणात शाहाबादच्या पाठोपाठ आणखी केंद्रे निघाली. सोनीपतला प्रीतम सिवाच या माजी कर्णधार बाई मुलींना शिकवितात. २०२१ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, हॉकीत तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शिकविणारीही बाईच असली म्हणजे आईबापांचा अर्धा संकोच तेथेच गळून पडतो.

आणि आता आपल्याकडचे. साताऱ्याचा फलटण तालुका आपल्याला माहीत आहे तो रामाच्या रथासाठी, ऊस आणि कारखान्यांसाठी. त्या तालुक्यातील आसू गावची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे, तिकडचीच ऋतुजा पिसाळ या शेतकऱ्यांच्या घरच्या मुली भारताचा पोशाख घालून खेळल्या. २०२३ च्या जूनमध्ये जपानात कनिष्ठ मुलींचा आशिया चषक आपण प्रथमच जिंकला, त्या संघात वैष्णवी आणि ऋतुजा दोघीही होत्या. २०२४ च्या नोव्हेंबरात बिहारमध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या मोठ्या संघातही वैष्णवी होती. एलिझा नेल्सननंतर आपल्याला दाखवावयास कोणी नाही असे म्हणण्याची आता सोय राहिलेली नाही.

हे सारे मी लिहिले त्याला एक निमित्तही आहे, ते लपवून ठेवीत नाही. मंडळाच्या मागील मोकळ्या जागेत लग्नकार्यासाठी फरशी घालून मांडव भाड्याने द्यावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आलेली आहे. उत्पन्न होईल हे खरे, आणि कोषाध्यक्षबाईंचा हिशेब चोख आहे. पण गेल्या दिवाळीपासून शाळेतील चौदा मुली तेथे शनिवारी-रविवारी हॉकी खेळतात. त्यांच्याजवळ मिळून नऊ काठ्या आहेत. नडगीला बांधावयाचे पट्टे एकीजवळही नाहीत, दोघींनी जुन्या मासिकांच्या गुंडाळ्या मोज्यांत घातलेल्या मी पाहिल्या. गोलाच्या जागी दोन पिंपे ठेवतात. फरशी घातली तर हे बंद होईल. एक शेजारीण मला म्हणाल्या, "काकू, पोरी दुसरीकडे जातील की खेळायला." आपल्या भागात मुलींना जाण्याजोगी दुसरी मोकळी जागा कोणती, ते मी त्यांना विचारले. त्या थोडा वेळ विचार करीत राहिल्या, आणि मग बोलणे भाजीच्या भावाकडे वळले.

हा विषय पुढील मासिक सभेत मतास येणार आहे. सभा दुसऱ्या बुधवारी दुपारी चार वाजता आहे. ज्या भगिनींना शक्य असेल त्यांनी त्याआधीच्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता मागच्या जागेत एक चक्कर टाकावी. मुली सातपर्यंत असतात, नंतर त्यांना घरी पाणी भरावयास जावे लागते.